पत्त्यावरचे नाव आणि आलेली वाट

१/ २५ डिसेंबर १९९४. ऐन नाताळात सॅन दिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरमधील संगणकतज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांच्या यंत्रांत कोणीतरी शिरले. पासवर्ड चोरीला गेला नव्हता. घुसखोराने केवळ खोटे नाव धारण केले होते.

२/ इंटरनेटवरील प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. पण तो लिहितो पाठवणाराच. शिमोमुरांचे एक यंत्र त्यांच्याच सर्व्हरचा पत्ता दिसला की पासवर्ड न मागता दार उघडत असे.

३/ पॅकेटांची नोंद शिल्लक होती, म्हणून घटनाक्रम उलगडला. आधी अर्धवट जोडण्यांचा मारा करून सर्व्हरला मुके केले गेले. मग त्या यंत्राशी २० वेळा जोडणी करून पाहिली गेली. दर वेळी त्याचा क्रमांक १,२८,००० ने वाढत होता. अखेर सर्व्हरच्या नावाने बनावट पॅकेट आले. यंत्राचे उत्तर घुसखोरापर्यंत पोहोचणार नव्हते; पण त्यातील क्रमांक त्याने आधीच ताडला होता.

४/ ही उणीव रॉबर्ट मॉरिस यांनी १९८५ मध्ये आणि स्टीव्हन बेलोव्हिन यांनी १९८९ मध्ये लिहून ठेवली होती. इशारा कागदावरच राहिला.

५/ जानेवारी १९९५ मध्ये ‘सर्ट’ या संस्थेने खूण सांगितली : बाहेरच्या बाजूने आलेल्या पॅकेटवर पाठवणारा आणि घेणारा हे दोन्ही पत्ते आतलेच असतील, तर हल्ला सुरू आहे असे समजावे.

६/ लिनक्सच्या लॉगमधील ‘मार्शियन सोर्स’ हा इशारा याच कुळातला. या वाटेने हा पत्ता येणे शक्य नाही. जणू पॅकेट मंगळावरून आले! पुष्कळदा कारण घातपाताचे नसून चुकीच्या मार्गरचनेचे असते. म्हणून पत्त्यावर न थांबता पॅकेट कोणत्या इंटरफेसवर आले आणि नोंदीतला मॅक पत्ता कोणाचा, हे पाहावे. तो निदान शेवटच्या टप्प्यावरचे यंत्र दाखवतो.

७/ ज्याच्यावर संशय होता तो केविन मिटनिक १५ फेब्रुवारी १९९५ रोजी रॅले येथे पकडला गेला, तो पॅकेटवरील पत्त्यामुळे नव्हे, तर मोबाइल फोनच्या लहरींचा माग काढल्यामुळे.

८/ जुनी सनद हाती आली की अभ्यासक मायन्यातील नावावर विसंबत नाही. कागद, शाई, शिक्का आणि ती कोणत्या दप्तरातून आली हे तपासतो. लॉग हेही एक दप्तरच. त्यातील नाव हा दावा असतो. आलेली वाट हा पुरावा.