पेटीत मावलेला कारखाना

आमचे गॅरेज पंधरा फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे. गाडी विकली आणि ती जागा माझ्या ताब्यात आली. आता इथे सुतारकाम करणार, असे मी घरात जाहीर करून टाकले. त्याला दोन वर्षे झाली. करवती भिंतीवर टांगल्या, पटाश्या मापाप्रमाणे ओळीने लावल्या, खिळे-स्क्रू लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरले. सौ.चे म्हणणे असे की दोन वर्षांत चौरंगाचा एक पाय झाला. ते खरे असल्यामुळे मी वाद घालत नाही.

तरी जागा पुरेना. मग मास्तरकीची जुनी खोड उफाळून आली. पूर्वीच्या लोकांनी ही अडचण कशी सोडवली, ते शोधत बसलो आणि हेन्री स्टडली भेटला.

स्टडली १८३८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला. तिथल्या यादवी युद्धात शिपाई म्हणून गेला, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात पकडला गेला. सुटून आल्यावर ऑर्गन आणि पियानो बनवण्याच्या धंद्यात शिरला. बॉस्टनच्या पूल पियानो कंपनीत काम केले. १९२५ साली वारला. एवढ्या चरित्रावर कोणी त्याची आठवण ठेवली नसती. पण त्याने हत्यारांसाठी भिंतीवर टांगायची एक पेटी केली होती.

मिटलेली पेटी सव्वातीन फूट उंच, पावणेदोन फूट रुंद आणि खोली नऊ-दहा इंच. आपले देवघरसुद्धा याहून मोठे असते! पुस्तकासारखी उघडली की दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ तीनशे हत्यारे. चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझा विश्वास बसला नाही. युक्ती अशी, की हत्यारे एकामागे एक थरांत आहेत. पुढची फळी बिजागरीवर उचलली की मागे दुसरी रांग, तिच्यामागे आणखी एक. प्रत्येक हत्याराची खाच त्याच्याच आकाराची, दुसरे तिथे बसणारच नाही. पेटी महोगनीची, त्यावर शिसव, अबनूस आणि शिंपल्याचे जडावकाम. ती काही काळ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडलेली होती, पुढे खासगी संग्राहकाकडे गेली. २०१५ मध्ये डोनाल्ड विल्यम्स यांनी तिच्यावर अख्खे पुस्तक लिहिले.

मला वाटते, अशी मांडणी कागदावर आखून होत नाही. कोणत्या हत्यारानंतर हात कुठे जातो हे आयुष्यभराच्या कामाने ठरलेले असणार, पेटीने फक्त ते लक्षात ठेवले. माझी भिंत मी आधी सजवली आणि हाताला अजून काही ठरवताच आलेले नाही.

दुसरी पेटी मात्र मला जरा बोचली. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात जोसेफ सीटन नावाच्या गृहस्थाने १७९६ च्या डिसेंबरात लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएलच्या दुकानातून मुलासाठी नवी कोरी हत्यारे घेतली. मुलगा बेंजामिन विशीतला. त्याने १७९७ साली त्यांच्यासाठी सुरेख पेटी केली आणि आत काय काय आहे, कितीला घेतले, याची यादी लिहून ठेवली. पेटी रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे. शेफिल्डच्या केन्यनच्या करवती, रंधे, पटाश्या, सगळे जवळजवळ नव्यासारखे. अठराव्या शतकातली हत्यारे दुकानातून बाहेर पडताना कशी दिसत, हे अभ्यासकांना इथेच कळते. कारण बेंजामिनने ती फारशी वापरलीच नाहीत! वापरली असती तर धार लावून लावून पाती झिजली असती आणि संग्रहालयाला काही मिळाले नसते.

वापरलेल्या हत्यारांची पेटी टिकायला अपघात लागतो. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ साली एका शेतकऱ्याच्या नांगराला ओकची पेटी लागली. सुमारे हजार वर्षांपूर्वीची, आत सुतार-लोहाराच्या सामानाचे दोनशेवर नग. दलदलीत बुडाली म्हणून वाचली.

आमच्या गावच्या सुतारमामांकडे पेटी नव्हती, गोणपाटाची पिशवी होती. वाकस, करवत, रंधा, सामता आणि दोन-तीन पटाश्या. ओटीवर बसायचे, फळी पायांत धरायचे, झाला कारखाना! वाकस पुढे मुलाने वापरला आणि तो त्याच्या हातात झिजून संपला. संग्रहालयात ठेवायला काही उरले नाही. आमच्या घराची चौकट मात्र त्यांनी केलेली आहे, अजून घट्ट आहे.

असो. परवा चौरंगाचा दुसरा पाय घ्यायला बसलो. अर्ध्या इंची पटाशी बोथट निघाली. तिला धार लावायला काढली आहे, त्यामुळे भिंतीवरच्या ओळीत दोन दिवस एक जागा रिकामी दिसते आहे. सौ.ने विचारले, हरवली का?