नियम सामन्याला, पण सरावाला?

कबड्डीची नियमावली एकदा शांतपणे वाचा. खेळाडू म्हणून नको, इतिहासाचे विद्यार्थी म्हणून वाचा. बचाव करणाऱ्यांनी काय करायचं नाही, हे तिथे लिहिलेलं आहे. चढाई करणाऱ्याचं तोंड दाबून किंवा गळा आवळून दम तोडायचा नाही. पायांची कैची घालायची नाही. दुखापत होईल अशी दांडगाई करायची नाही. धड आणि हातपाय सोडून दुसरीकडे धरायचं नाही. नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको. आता सांगा, कुणी कुणाचं तोंड कधी दाबलंच नसतं, तर हे कलम लिहायची वेळ आली असती का?

मनाई हा पुरावा असतो, हे संशोधनाच्या सुरुवातीलाच लक्षात ठेवा. मात्र तो अर्धाच पुरावा. अमुक गोष्ट घडत होती एवढं त्यातून कळतं. किती वेळा घडत होती आणि नियम आल्यावर थांबली का, हे कळत नाही. इथेच बरेच जण घसरतात. नियम छापला म्हणजे खेळ सुधारला, असं लिहून मोकळे होतात.

नियमांची कहाणी तुम्हाला ढोबळमानाने माहीत असेल. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतुतूचे नियम करून स्पर्धा भरवली. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियम ठरवले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ करून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. आता या यादीत बीड शोधा. सापडणार नाही, कारण तेव्हा बीड होतं निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच होतं, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे बीडच्या शाळांमधल्या खेळाचे जुने कागद पुण्या-मुंबईच्या दप्तरात हुडकत बसलात तर हात हलवत परत याल. हैदराबाद गाठावं लागेल, थोडी उर्दूही शिकावी लागेल. अंबाजोगाई तिथे ‘मोमिनाबाद’ या नावाने भेटेल, हे आधीच सांगून ठेवतो.

तिथेही एक गंमत आहे. संस्थानाने आखाड्यांवर निर्बंध घातले होते, पण ते पोरांची हाडं मोडू नयेत म्हणून नव्हे. तालमीत जमणारी तरुण मंडळी उद्या चळवळीत उतरतील, ही सरकारला धास्ती होती. त्यामुळे खेळाडूचं शरीर त्या दप्तरात येतं ते ‘धोका’ म्हणून. त्या शरीराला असलेल्या धोक्याची नोंद सरकारला नको होती. एखादी गोष्ट नोंदवण्यात कुणाचं हित होतं, हा प्रश्न कागदाच्या प्रत्येक तुकड्याला विचारा.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपली नियमावली सामन्यापुरती आहे. पंच, शिट्टी, हिरवं-पिवळं-लाल कार्ड, सगळं त्या ४० मिनिटांसाठी. रोज संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात होणारा सराव मात्र नियमावलीच्या बाहेर राहतो. अमेरिकेतल्या शाळांमध्ये जो फुटबॉल खेळतात (हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचा, आपला पायाने खेळायचा नव्हे), त्याचीही सुरुवात अशीच झाली. मैदानावर मुलं मरू लागली तेव्हा १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलं, पुढच्या वर्षी नियम बदलले. १९७६ मध्ये डोकं खाली घालून धडकायला बंदी आली. हे सगळं सामन्याबद्दल. सरावाकडे कायद्याचं लक्ष जायला २०१४ साल उजाडलं: कॅलिफोर्नियाने शाळांमधला पूर्ण धडकेचा सराव आठवड्यात दोन वेळा आणि प्रत्येक वेळी ९० मिनिटांपर्यंत मर्यादित केला. दुखापती आणि मृत्यू तिथे अनेक दशकं मोजले जात होते, त्या आकड्यांच्या जोरावर हे होऊ शकलं.

आपल्याकडे मोजायचं काय, ते बघा. किशोर गटाला १६ वर्षं आणि ५५ किलोची अट आहे. पण ही फक्त वरची मर्यादा. ३८ किलोच्या पोराच्या मांडीला ५४ किलोचा पोरगा झोंबला तरी नियमात बसतं. कुस्तीत असं होत नाही. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकला तो ५७ किलो गटात, आपल्याच वजनाच्या मल्लांशी लढून. दुसरं म्हणजे मैदान. नियमावली म्हणते, मैदान सपाट आणि मऊ हवं: माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा घालून केलेलं, नाहीतर मॅट. आष्टी-पाटोद्याच्या बाजूला जिथे उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथे मैदानावर पाणी मारायची गोष्ट कोण काढणार? आणि २०१४ पासून प्रो कबड्डीत मॅटवरचे डॅश बघून पोरं तेच मुरमावर करतात.

दुखापत लपवण्यामागेही हिशेब असतो. जिल्ह्याच्या, राज्याच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव क्रीडागुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ऊसतोड कामगाराच्या घरात या कागदाची किंमत काय, हे मी सांगायला नको. खांदा दुखतोय म्हटलं तर संघातून नाव जातं. गप्प राहिलं आणि खांदा कायमचा गेला, तर पुढे कोयताही धरता येत नाही.

म्हणून विषय निवडताना ‘कबड्डीचा उगम आणि विकास’ कृपा करून नको, त्याने कपाटं भरली आहेत. एक तालुका घ्या. शाळेचे हजेरीपट घ्या आणि संघातला मुलगा स्पर्धेच्या आधी-नंतर किती दिवस गैरहजर होता ते बघा. ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण नोंदी रीतसर परवानगीने, नावं वगळून मागा. गावात हाडं बसवणारा असेल तर त्याच्याशी बोला. त्याच्याकडे वही नसते, पण कुणाचा कोणता हात कोणत्या साली बसवला हे तो सांगू शकतो. खेळाच्या सरांना शेवटी भेटा. आधी भेटलात तर तुम्ही चौकशीला आलात असं त्यांना वाटेल, आणि मग चहा मिळेल, माहिती नाही.