तुळशीची गळती आणि काचेची पेटी

पालघरजवळच्या शिरगावला साहित्याचे विद्यार्थी घेऊन गेले की पहिला थांबा किल्ल्याचा असतो. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किनारी कोट. त्यातले फांद्या फुटणारे ताडाचे झाड पाहून मुले चकित होतात. गावातल्या अंगणांकडे मात्र कोणी पाहत नाही. अशाच एका भेटीनंतर एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले की, कुंडीत झाड लावून ते सांभाळणे ही इंग्रजांकडून आलेली हौस आहे. हे विधान अर्धेच खरे आहे आणि उरलेले अर्धे तपासण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

खरे अर्धे असे. लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांची नेचाची झाडे कोळशाच्या धुराने मरत. १८२९ मध्ये त्यांच्या ध्यानी आले की, बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा आपोआप वाढतो आहे. पाण्याची वाफ काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते. १८३३ मध्ये अशा काचपेट्यांतून त्यांनी रोपे सिडनीला धाडली, ती जगली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधला चहा याच पेट्यांतून हिमालयाच्या उतारावर आणला. पेटीमुळे रोपांना समुद्र ओलांडता आला. परंतु ते कसे साधले? तर झाडाला बाहेरच्या ऋतूपासून तोडून. बोईसरच्या सदनिकांत आज दिसणारा मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा. त्याचा कोकणातल्या ऋतूंशी जन्मजात संबंध नाही, तो आपल्याला जोडावा लागतो.

उरलेले अर्धे त्याहून जुने आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. त्यात लावलेल्या झाडांना पाणी देण्याचा नियम सांगितला आहे: उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हाच. नियम बागेतल्या झाडांचा असला तरी त्यामागचा विचार कुंडीलाही लागू पडतो. पाण्याचे माप ठरवायचे ते ऋतू आणि माती पाहून.

मराठी घरात हाच विचार तुळशीभोवती आचाराच्या रूपाने टिकला. वैशाखात वृंदावनावर गळती बांधतात. तळाला बारीक छिद्र असलेल्या भांड्यातून थेंबथेंब पाणी मुळाशी पडत राहते. ऐन उन्हात ओल टिकवण्याची याहून सोपी युक्ती क्वचितच असेल. पावसाळ्यात मंजिरीचे बी रुजते, नवी रोपे वृंदावनात लावली जातात. कार्तिकात तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन सारवले वा रंगवले जाते. पावसाने खचलेल्या मातीची डागडुजीही तेव्हाच होते. मंजिऱ्या वेळीच खुडल्या की रोप अधिक काळ पानांवर राहते. या आचारांचा हेतू धार्मिकच होता, हे आम्ही नाकारत नाही. तथापि झाडाची वर्षभराची निगा त्यातून आपसूक होत असे.

ही निगा प्रामुख्याने स्त्रिया करीत आणि त्यांनी तिची टिपणे ठेवली नाहीत. म्हणून इतिहासात वॉर्ड यांचे नाव येते, रोज पाणी घालणारीचे येत नाही. मराठीत तिचा माग घ्यायचा तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढाकार घेऊन संकलित केलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत तुळस वारंवार भेटते. साहित्याच्या अभ्यासकाला हे साधन भक्तीच्या प्रकरणापुरते ठेवण्याचे कारण नाही. मात्र एक सावधगिरी हवी. वृंदावन प्रत्येकाच्या अंगणात नव्हते. ज्यांच्या घराला अंगणच नव्हते, त्यांच्या वनस्पतिज्ञानाची नोंद या वाटेनेही पुरती मिळत नाही.

आमचाच एक अनुभव सांगतो. विभागाच्या खोलीत आम्ही काही कुंड्या ठेवल्या आणि नेमाने रोज तांब्याभर पाणी घातले. मे महिना निभावला. जुलैत पाने पिवळी पडली आणि पंधरवड्यात मुळे कुजली. खोलीत पाऊस पडत नव्हता. पण हवाच इतकी दमट की माती सुकेना. झाडलोट करणाऱ्या मावशींनी कुंडीत बोट घालून पाहिले आणि म्हणाल्या, "मॅडम, माती ओलीच आहे, रोज कशाला घालता?" वराहमिहिराचा तो अध्याय आम्ही वर्गात शिकवला होता.

आता आम्ही जून ते सप्टेंबर माती चाचपूनच पाणी घालतो, ऑक्टोबरच्या उन्हात कुंड्या खिडकीपासून आत सरकवतो, थंडीत पाणी कमी करतो आणि चैत्र लागला की वाढवतो. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' शिकवताना अलीकडे विद्यार्थ्यांना एक गृहपाठही देतो: घरात झाडांना पाणी कोण घालते, त्या व्यक्तीला ते केव्हा किती घालायचे हे कोणी शिकवले, हे विचारून लिहून आणा. बहुतेक उत्तरे आजीपाशी जाऊन थांबतात. ती आज लिहून घेतली नाहीत, तर पुढच्या पिढीच्या निबंधात त्या विद्यार्थ्याचे अर्धे विधानच पूर्ण सत्य ठरेल.