विंडोज एक्सपी आणि मराठी संहितेचे स्थलांतर

मराठी लेखनाच्या भौतिक इतिहासाचे टप्पे सांगताना आपण मोडी आणि बाळबोध यांचा संबंध सांगतो, शिळाप्रेसचा उल्लेख करतो, १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक टाइपाचे कौतुक करतो. त्यानंतरच्या एका टप्प्याची नोंद मात्र वाङ्मयेतिहासात सहसा होत नाही. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली बाजारात आली आणि विंडोज ९८वर मराठी लिहिणाऱ्यांपुढे स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाचे मूळ त्याआधीच्या दशकात आहे. त्या काळातील बहुतेक मराठी फॉन्ट म्हणजे एक प्रकारचे सोंग होते. संगणक आपल्या स्मृतीत रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवत असे. फॉन्ट फक्त त्या क्रमांकांना देवनागरीचा मुखवटा चढवी. उपलब्ध घरे अवघी २५६. त्यांत अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, रफार कसे बसवायचे हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या मताने ठरवले. परिणामी एका फॉन्टमधला लेख दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक होते. १९८८च्या इस्कीवर आधारलेली देवनागरीची मांडणी १९९१च्या युनिकोडमध्येही आली होती. पण मानक कागदावर असणे आणि ते सामान्य लेखकाच्या यंत्रात असणे यांत दशकाचे अंतर पडले.

एक्सपी बसवण्याची तयारी वरवर पाहता निव्वळ तांत्रिक होती. किमान ६४ एमबी, आणि शिफारस १२८ एमबी स्मृतीची. तबकडीवर दीड जीबी मोकळी जागा. प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी मिळतो का, याची खातरजमा. विंडोज ९५ असेल तर थेट बढती नाही, सारे नव्याने बसवायचे. कागदपत्रांची प्रत काढायची ती १.४४ एमबीच्या फ्लॉपींवर किंवा सीडीवर. पंचवीस अक्षरांची किल्ली टंकायची आणि तीस दिवसांत प्रणाली सक्रिय करून घ्यायची.

एवढे करूनही एक्सपीच्या इंग्रजी आवृत्तीत देवनागरी आपोआप पूर्णपणे जागी होत नसे. कंट्रोल पॅनेलमधील भाषाविषयक खिडकीत जाऊन जटिल लिप्यांसाठीच्या चौकटीत खूण करावी लागे, मूळ सीडी पुन्हा घालावी लागे, यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. मग मराठीचा कळफलक जोडला की मंगल हा फॉन्ट समोर येई. त्यातील ल आणि श यांची वळणे हिंदीची होती, हे मराठी डोळ्याला खटकत असे. तरीही एक मूलभूत गोष्ट घडली होती: अक्षराची ओळख त्याच्या आकृतीपासून वेगळी झाली होती.

हा भेद साहित्याच्या अभ्यासकाने समजून घ्यावा असा आहे. ‘कविता’ हा शब्द जुना फॉन्ट डोळ्याला दिसतो त्या क्रमाने साठवी: क, मग ऱ्हस्व वेलांटी, मग व. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: आधी व, नंतर वेलांटी. ‘अर्थ’मधला र जुन्या पद्धतीत थ नंतर येणारा रफार असे, नव्या पद्धतीत तो थ च्या आधी, आपल्या व्याकरणसिद्ध जागी येतो. म्हणूनच शब्दाचा शोध घेणे आणि अकारविल्हे सूची लावणे शक्य झाले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो याच पायावर.

नवी प्रणाली जुन्या फाइली पुसत नव्हती. फॉन्ट सोबत नेला तर त्या उघडतही. हानी झाली ती हळूहळू. फॉन्ट हरवले, काही मराठी सॉफ्टवेअरांना लागणारी ‘लॉक’ नावाची खुंटी नव्या यंत्रांत लावायला जागा उरली नाही, आणि फाइल शाबूत असूनही संहिता अवाच्य झाली. तयारीच्या यादीत ‘प्रत काढली का?’ हा प्रश्न होता. ‘ही प्रत वाचणार कशी?’ हा नव्हता. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचाही आधार संपला. प्रबंध, अनियतकालिकांचे अंक, अप्रकाशित हस्तलिखिते अशा त्या काळातील कितीतरी मजकुराला याच संकटातून जावे लागले.

रूपांतर करणारी साधने आहेत, परंतु जोडाक्षरे आणि ‘कुऱ्हाड’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ हमखास चुकतो. म्हणजे यंत्राच्या कामानंतर पाठचिकित्सेचे काम उरतेच. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढण्यासाठी. आजचे अपपाठ फॉन्ट बदलताना शिरतात, एवढाच फरक. मराठीच्या विभागांनी हे काम संगणकवाल्यांचे म्हणून बाजूला सारू नये. पाठ ठरवणे हे आपलेच जुने काम आहे.