माग सुरतेत, वावर खानदेशात

सुरत म्हटले की बाहेरच्यांना १६६४ आठवते, फार तर १९०७ चे काँग्रेस अधिवेशन. आम्हा खानदेशी कुटुंबांचे सुरतेशी नाते जोडले ते रेल्वेने. तापीच्या खोऱ्यातला सुरत-अमळनेर रेल्वेमार्ग १८९९-१९०० मध्ये सुरू झाला, ऐन छपन्नच्या दुष्काळात. पुढे याच गाडीने आमचे वडील, काका उधना-लिंबायतकडे पॉवरलूमवर आले. पण गावचे वावर मोडून सहसा कोणी आले नाही.

नोकरी सांभाळून ती दोन-चार एकर शेती कशी चालली, हे कुठे लिहून ठेवलेले नाही. आखाजीला सालदार ठरायचा. त्याची पहिली उचल सुरतेच्या पगारातून जायची. मृगाच्या तोंडाशी बियाण्याची मनीऑर्डर. पोळ्याला रजा मिळाली तर गावी, आणि चौथ्या दिवशी गणपती बसवायला परत. दिवाळीनंतर मात्र सुरतेचे माग आणि कापड मार्केट बंद राहायचे, आणि नेमकी तेव्हाच कपाशीची वेचणी. सुट्टी कसली ती! येताना दादर, उडीद, मिरचीची पोती डब्यात चढवायची आणि टीसीशी हुज्जत घालायची.

१९९४ मध्ये गणपती विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत प्लेगची बातमी फुटली. माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागली. आम्हीही गावी गेलो. माग थंड, पगार बंद. कणगीतल्या दादरवर ते दिवस निघाले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी घरात शिरले, भरलेले डबे सगळे भिजले, तेव्हाही पहिले धान्य गावाहूनच आले.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. 'आमची शेती' असे आम्ही म्हणत आलो, पण निंदणी, फवारणी, रात्रीची वीज आली की मोटार सुरू करायला वावरात जाणे, हे सगळे मागे राहिलेल्या भावाने आणि वहिनीने केले. आम्ही पैसे पाठवले आणि सल्ले दिले. सल्ले जरा जास्तच. सातबाऱ्यावर नावे मात्र सगळ्यांची. आता भाऊ थकले आहेत, आणि आमची मुले भाव विचारतात तो कापसाचा नव्हे, जमिनीचा. वाटणीचा विषय निघाला की भावाच्या इतक्या वर्षांच्या कष्टाचे काय धरायचे, यावर सुरतेतल्या घराघरांत सगळे गप्प होतात. या दिवाळीला गावी गेल्यावर हे आधी भावालाच विचारायचे, असे आम्ही काहींनी ठरवले आहे.