बिगरव्याजी घरांचा निधी : कॉइनोनिया ते मळवली

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अमेरिकस या गावाजवळ 1942 साली क्लॅरेन्स आणि फ्लॉरेन्स जॉर्डन या दांपत्याने मार्टिन व मेबल इंग्लंड यांच्या साथीने 440 एकर जमिनीवर ‘कॉइनोनिया’ नावाची शेतवसाहत सुरू केली. लोकवर्गणीतून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधण्याची जी पद्धत पुढे अनेक देशांत रुजली, तिचा उगम या शेतात आहे. क्लॅरेन्स जॉर्डन यांनी शेतीशास्त्राची पदवी घेतली होती आणि पुढे बायबलच्या नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेचा सखोल अभ्यास केला होता. काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकत्र राबावे, सारखी मजुरी घ्यावी आणि एकाच पंगतीला जेवावे, हा त्यांचा नियम होता. वर्णभेद कायद्यानेच पाळल्या जाणाऱ्या त्या काळातील दक्षिणेत असा नियम चालवणे म्हणजे शेजाऱ्यांशी उघड वैर पत्करणे होते.

ते वैर 1956 पासून प्रत्यक्ष हिंसेवर उतरले. वस्तीवर गोळ्या झाडण्यात आल्या, रस्त्याकाठच्या विक्रीकेंद्रावर बाँब टाकण्यात आले आणि स्थानिक व्यापाऱ्यांनी घातलेल्या बहिष्कारामुळे शेतमाल विकणे अशक्य होऊन बसले. तेव्हा अक्रोडाच्या कुळातील पेकन हे फळ डब्यांत भरून ते टपालाने दूरदूरच्या गिऱ्हाइकांना पाठवण्याचा धंदा वस्तीने उभारला आणि त्यावरच ती तगली. या धंद्याने वस्तीला पैशाइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट दिली : देशभर विखुरलेल्या हितचिंतकांच्या पत्त्यांची यादी. गृहनिधीच्या इतिहासात या यादीला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही; वास्तविक बहिष्काराच्या दिवसांत जोडलेली ही माणसेच पुढे निधीची पहिली देणगीदार ठरली.

वस्तीच्या आसपास राहणारी बहुतेक काळी कुटुंबे अर्धेलीची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राबून पिकाचा वाटा घेण्याची, शेती करत आली होती. यंत्रे आल्यावर तीही शेती सुटली, आणि राहायला उरली ती नळ आणि संडास नसलेली मोडकी लाकडी घरे. पत आणि तारण दोन्ही नसल्याने बँका त्यांना दारात उभे करत नसत. अशा वेळी, 1968 साली, मिलार्ड फुलर हे अलाबामाचे वकील कॉइनोनियात राहायला आले. व्यापारात तिशीच्या आतच लक्षाधीश झालेल्या या गृहस्थाने संसार मोडण्याच्या बेतात आल्यावर पत्नी लिंडा यांच्यासह सारी संपत्ती वाटून टाकली होती. जॉर्डन आणि फुलर यांनी मिळून अर्ध्या अर्ध्या एकराचे 42 भूखंड आखले आणि हितचिंतकांना पत्रे पाठवून ‘फंड फॉर ह्युमॅनिटी’ हा निधी सुरू केला.

या निधीचे मर्म त्याच्या हिशेबात आहे. घर बांधायला जो खर्च येईल त्याच किमतीला, नफा न घेता, ते कुटुंबाला विकायचे आणि रक्कम 20 वर्षांत बिनव्याजी हप्त्यांनी वसूल करायची, असे ठरले. गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये, ही बायबलची आज्ञा त्यामागे होती. उदाहरणादाखल 6,000 डॉलरचे घर धरले, तर महिन्याचा हप्ता 25 डॉलर येतो. तेच कर्ज बँकेकडून 6 टक्के व्याजाने काढले असते, तर हप्ता सुमारे 43 डॉलर झाला असता आणि 20 वर्षांत घरमालकाने 4,300 डॉलर नुसत्या व्याजापोटी भरले असते. परत आलेला पैसा पुन्हा निधीत जमा होई. अशी दहा घरे झाली की वर्षाला 3,000 डॉलर, म्हणजे अर्ध्या घराचा खर्च, त्या घरांत राहणारी कुटुंबेच भरत. घर घेणारा केवळ लाभार्थी न राहता पुढच्या घराचा भागीदार होतो, हे या योजनेचे खरे मोठेपण होय. पहिले घर पुरे होण्याआधीच, ऑक्टोबर 1969 मध्ये, जॉर्डन यांचे निधन झाले.

या हिशेबाची दुबळी बाजू मात्र महागाईने उघडी पाडली. 1969 ते 1989 या वीस वर्षांत अमेरिकेतील किमती तिपटीहून अधिक वाढल्या; त्यामुळे शेवटचा हप्ता हाती येईपर्यंत त्याची खरेदीशक्ती तिसऱ्या हिश्शाहूनही खाली आलेली असे. म्हणजे व्याज न घेणारा निधी फिरता राहिला तरी आपोआप झिजत जाणार हे उघड होते, आणि ती झीज भरून काढायला नव्या वर्गणीचा ओघ अखंड चालू ठेवणे भागच होते. दान आणि परतफेड ही या पद्धतीची दोन चाके झाली ती या निकडीतून.

फुलर दांपत्याने 1973 पासून तीन वर्षे झाईर देशातील, म्हणजे आजच्या काँगोतील, म्बान्डाका येथे हीच पद्धत राबवून पाहिली आणि परतल्यावर 1976 साली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था स्थापन केली. घर घेणाऱ्या कुटुंबाने स्वतःच्या आणि इतरांच्या घरांच्या बांधकामावर शेकडो तास राबावे, ही अट तिने कायम केली. या श्रमांना ‘स्वेट इक्विटी’, म्हणजे घामाच्या रूपाने घातलेले भांडवल, असे म्हणतात. जमीन आणि रस्ते, पाणी यांपुरती सरकारी मदत घ्यावी, भिंती आणि छप्पर मात्र लोकांच्याच पैशाने उभे राहावे, असा संस्थेचा सुरुवातीचा कटाक्ष होता. साहजिकच वर्गणी जमवण्याच्या नाना वाटा शोधल्या गेल्या. फुलर यांनी 1983 साली अमेरिकस ते इंडियानापोलिस अशी सुमारे 700 मैलांची निधियात्रा पायी केली. पुढे माजी अध्यक्ष जिमी कार्टर 1984 साली न्यूयॉर्कमधील एका पडीक सहामजली इमारतीत 19 कुटुंबांची घरे उभारण्यासाठी हाती हातोडा घेऊन उतरले, तेव्हा संस्थेचे नाव घरोघर पोहोचले. कॅनडातील विनिपेग येथे 1991 साली पहिले ‘रीस्टोअर’ निघाले. लोकांनी दिलेली दारे, खिडक्या, नळ, उरलेल्या फरशा आणि रंगाचे डबे स्वस्तात विकून घरांसाठी पैसा उभा करणारे हे दुकान होते. अमेरिकेतील स्थानिक शाखांनी आपल्या देणग्यांचा दहावा हिस्सा परदेशातील घरांसाठी द्यायचा, हा प्रघातही पडला.

भारतात संस्थेचे काम 1983 साली खम्मम येथे सुरू झाले. महाराष्ट्राशी तिचा ठळक संबंध आला तो 2006 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जेव्हा 82 वर्षांचे कार्टर आणि देशोदेशींचे स्वयंसेवक लोणावळ्याजवळच्या मळवली येथे आठवडाभरात 100 घरे बांधण्यासाठी जमले. वृत्तपत्रांनी पाहुण्यांचे भरभरून कौतुक केले. परंतु अशा आठवड्याच्या झगमगाटात वर्षानुवर्षे चालणारी हप्त्यांची शिस्त नजरेआड होते, हेही नोंदवले पाहिजे. शिवाय ही पद्धत जिथे जमीन स्वस्त आहे तिथेच सहज चालते. कॉइनोनियापाशी अर्ध्या एकराचे भूखंड हाताशी होते, मळवलीचा परिसरही ग्रामीणच होता. याउलट मुंबईसारख्या शहरात जागेचीच किंमत बांधकामाच्या कितीतरी पट असल्याने, वर्गणी आणि घाम दोन्ही मिळाले तरी, जागा कोण देणार हा प्रश्न आधी सोडवावा लागतो आणि तो लोकवर्गणीच्या आवाक्यातला राहत नाही.