माळवदाचं वजन आणि किल्लारीचा भूकंप

पावसाआधी आपल्या शिरूर-दौंडकडं जुन्या घरांची डागडुजी निघते. माळवदावर नवी माती टाकायच्या आधी हे वाचा.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे ३:५६ ला लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, शेजारच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास. भूकंपाची तीव्रता मात्र सहाच्या थोडीच वर. मग एवढी माणसं का गेली?

कारण घरांच्या बांधणीत होतं. मातीत रचलेली जाड दगडी भिंत. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे गोटे-माती भरलेली. दोन्ही थर धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद. उन्हाळ्यात गारवा राहावा, पावसात गळू नये म्हणून त्यावर दरसाल माती. सोय चांगली, पण वजन वाढत गेलं. हादरा बसला, थर फाकले आणि सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

आता भूकंप का होतो ते बघू. भारताचा भूखंड उत्तरेकडं सरकतोय आणि तिकडं हिमालयापाशी रेटा बसतोय. तो ताण आपल्या काळ्या पाषाणाखालच्या जुन्या भेगांतही साठतो. भेग एकदम सरकली की जमीन हलते. कोयनेला त्यात धरणाच्या पाण्याचीही भर पडली. १९६२ पासून जलाशय भरू लागला, बारीक धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला. तो पुण्यापर्यंत जाणवला.

किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. २००२ च्या नकाशातून तो पट्टाच काढून टाकला. तेव्हा "आपल्याकडं कुठं होतोय भूकंप" यावर विसंबू नका.

पुढं बरीच गावं नव्या जागी वसली. घरं पक्की झाली, रस्ते रुंद झाले. पण शेत लांब पडलं, गोठ्याला आणि कडब्याला दारात जागा उरली नाही, पिढ्यांचा शेजार तुटला.

म्हणून सांगतो: नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा. भिंतीनं पोट काढलं असेल, कोपरा फाटला असेल, तर तिच्याखाली झोपू नका, जनावरंही बांधू नका. दुरुस्तीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला, कोपरे सांधून घ्या. जमलं तर दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा; आधी जाणत्या इंजिनिअरला घर दाखवा.

तुमच्या गावात माळवदाची किती घरं अजून वापरात आहेत, तेही कळवा.